अंगदने घेतलेली गाडी

सुकन्या जेवायला बसली की ताट संपेपर्यंत दोनदा तरी उठायची. कधी पाणी घ्यायला, कधी गॅस बघायला, कधी उगीच दारापर्यंत. सासू कडूबाई समोर बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "अगं, बस की घडीभर. भुईला इस्तू लागलाय का?"

सुकन्या हसायची आणि बसायची. पाय मात्र हलत राहायचे.

बीडमधल्या एका लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. सकाळी स्कूटीवर घरोघर जाऊन रक्ताचे नमुने आणायचे आणि मग दिवसभर ट्यूबलाइटच्या उजेडात मशीनसमोर बसायचं. ओळखीचे लोक तिला 'रगतवाल्या ताई' म्हणायचे. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. नवरा अंगद, त्याचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, खताबियाण्याचं दुकान. एकुलती मुलगी अकरावीला लातूरला गेली, तेव्हापासून संध्याकाळी घरात तीन माणसं आणि एक टीव्ही उरला होता. अंगद दुकानातून आला की सोफ्यावर आडवा व्हायचा. कडूबाई मालिका बघायच्या. सुकन्या गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे आणायची, घड्या करायची, आणि काही राहिलं नसलं तरी पुन्हा गच्चीवर जायची. तिथून हायवेवरच्या ट्रकांचे दिवे दिसायचे. हे ट्रक कुठं चाललेत याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ते चाललेत आणि आपण इथं उभ्या आहोत, एवढंच तिला सलायचं.

तिचा बाप सटवा हा आष्टी तालुक्यातला मेंढपाळ. दिवाळी झाली की दीडेकशे मेंढरं, दोन घोड्या, कुत्री, कोंबड्या आणि सगळं बिऱ्हाड घेऊन तो गोदावरीच्या काठाकडं निघायचा आणि मिरगाच्या सुमाराला परत यायचा. आज या रानात, चार दिवसांनी त्या रानात. मामानं सुकन्याला आष्टीच्या वसतिगृहात घातलं, तेव्हा पहिले कित्येक दिवस तिला भिंतीशेजारी झोप यायची नाही. सुट्टी लागली की ती तळावर पळायची. भाऊ परमेश्वर एका जुन्या मोटारसायकलवर लांबून पाण्याचे कॅन आणायचा, लंगडी कोकरं पोत्यात घालून पुढच्या तळावर पोचवायचा. त्याच गाडीवर ती ढेकळांच्या रानात चालवायला शिकली. भरलेले कॅन दोन्ही बाजूंना बांधले की गाडी कशी ओढ खाते, किती कलली की सावरता येत नाही, हे तिच्या अंगाला तेव्हाच कळलं. आई रतनबाई ओरडायची, "पोरीच्या जातीनं..." आणि वाक्य तिथंच सोडून म्हणायची, "येताना सरपण आण."

मोटारसायकलचं खूळ मात्र सुकन्याचं नव्हतं. ते अंगदचं होतं.

अंगद चाळिशी ओलांडलेला, बुटका, गोलसर, मनमोकळा माणूस. दुकानात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजणारा. आपल्याकडं चार लोकांनी बघावं असं त्याला वाटायचं आणि त्यात तो काही लपवायचाही नाही. एका लग्नात त्यानं कुणाची तरी गाडी पाहिली. जुन्या काळच्या गाडीसारखी घडण, गोल दिवा, तारांची चाकं, चकचकीत टाकी, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर आणि मध्ये दोन सिलिंडरचं रुंद इंजिन. त्या दिवसापासून तो मोबाइलवर दुसरं काही बघेना. रात्री उशाशी फोन धरून सुकन्याला सांगायचा, "हे बघ, दोन सिलिंडर. जुन्या सायबांच्या गाड्या असायच्या ना, तशी. आपल्या मोंढ्यात एकाकडं बी न्हाई."

"तुमचे पाय पुरतेत का?" सुकन्यानं विचारलं.

"पाय काय, सवयीनं पुरतेत."

पाडव्याला गाडी घ्यायचं ठरलं. शोरूम संभाजीनगरात. अंगद, सुकन्या आणि अंगदचा शाळेपासूनचा दोस्त रामप्रसाद, असे तिघं कारनं गेले. रामप्रसादचे दोन मालट्रक होते आणि तो स्वतः ताडमाड उंच होता. शोरूमवाल्यांनी गाडीवर लाल कापड टाकलं होतं. ते अंगदनं ओढलं. टाळ्या, हार, नारळ, फोटो. गाडी गडद हिरवी होती. अंगद बसला तेव्हा त्याच्या बुटांची फक्त टोकं फरशीला टेकली. त्यानं गाडी स्टँडवरून सरळ केली, ती किंचित पलीकडं कलली, आणि दोन पोरांनी धावत येऊन धरली. सगळे हसले. अंगदही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

"बे अंगद्या," रामप्रसाद म्हणाला, "हायवेला गर्दी हाय. मी घेऊन चलतो घरापर्यंत. तू कार आण."

अंगदनं फार आढेवेढे घेतले नाहीत. तर अशी ती गाडी बीडला आली, रामप्रसादच्या बुडाखाली. मागून कार. कारमध्ये पुढच्या सीटवर सुकन्या. अख्ख्या रस्त्यात ती समोरची गाडी वळणावर कशी झुकते, पुन्हा कशी उभी राहते, एवढंच बघत होती. मध्येच अंगद म्हणाला, "भारी दिसती न्हाई?" तेव्हा ती दचकली.

नव्याची नवलाई होती तोवर अंगद गाडी रोज दुकानाला न्यायचा. लोक विचारायचे, "शेठ, आवाज कुठाय हिचा?" बीडात मोठी गाडी म्हणजे फटफट आवाज करत जाणारी, चौकाच्या अलीकडून कळणारी. ही तशी नव्हती. हिचे दोन सिलिंडर एका सुरात, दबक्या आवाजात गुरगुरायचे. "सायलेन्सर बदला," असा सल्ला रोज कुणीतरी द्यायचं. अंगदला आवाजाची चिंता नव्हती. त्याला चिंता होती थांबण्याची. सिग्नलला पाय टेकवताना, गर्दीत वळवताना त्याचे दंड भरून यायचे. घरी आला की तो आधी दोन ग्लास पाणी प्यायचा.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. दुकानासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, पलीकडं हातगाडा. मधून वळवताना हातगाडेवाला पुढं आला. अंगदनं हँडल वळलेलं असतानाच पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी आडवी झाली आणि अंगदची पोटरी सायलेन्सरखाली सापडली. हमालांनी गाडी उचलली. त्यातला एक म्हणाला, "शेठ, गाडी बसली का तुमी बसले?" सगळा मोंढा हसला. रामप्रसाद तिथंच होता. त्यानं अंगदला उठवलं आणि पाठीवर हात मारून म्हणाला, "तू बे वहिनीची स्कूटी घे. ही मला देऊन टाक."

पोटरीवर तळहाताएवढा फोड आला. सुकन्या रोज मलम लावायची. फोड बरा झाला तरी अंगदनं गाडीला हात लावला नाही. अंगणात पत्र्याखाली गाडी उभी राहिली, तिच्यावर राखाडी कव्हर चढलं. कुणी विचारलं की तो म्हणायचा, "इंजिन लई तापतंय. आपल्या उन्हाळ्यात न्हाई चालायची असली गाडी." रविवारी कव्हर काढून तो ती जागेवरच चालू करायचा, थोडा वेळ ऐकायचा आणि बंद करायचा. तेवढा वेळ सुकन्या स्वयंपाकघरात असली तरी हातातलं काम थांबायचं.

मे महिन्यात खताची धावपळ सुरू झाली. रेल्वेनं आलेला माल उतरवायला अंगदला दोन-तीन दिवसांआड पहाटेच जालन्याला जावं लागे. अशाच एका सकाळी तो गेल्यावर सुकन्यानं देवघराशेजारच्या खिळ्यावरची चावी काढली. का काढली ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. अंगदचं जाड जॅकेट घातलं, त्याचं हेल्मेट घातलं, कव्हर काढलं. गाडी ढकलत फाटकाबाहेर आणताना ती घामाघूम झाली. उभी असताना ती गाडी म्हणजे अडून बसलेली म्हैस होती.

ओट्यावर कडूबाई दात घासत बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. सुकन्याला वाटलं, आता बोलतील.

"वढणी नीट बांध," कडूबाई म्हणाल्या. "चाकात जाईल."

गल्लीच्या टोकापर्यंत तिनं गाडी पहिल्याच गिअरमध्ये नेली. हायवेला लागल्यावर तिनं तिसरा गिअर टाकला, चौथा टाकला, आणि म्हशीचं वजन कुठं गेलं ते तिला कळलंच नाही. गाडी जिकडं ती बघेल तिकडं जात होती. वारा जॅकेटमध्ये शिरला. तिच्या घशातून कसला तरी आवाज आला, तो हसण्याचा होता की रडण्याचा हे तिला हेल्मेटच्या आत ठरवता आलं नाही. मांजरसुंब्याचा घाट अर्धा चढून ती वळली आणि लॅबच्या वेळेला परत आली. कव्हर होतं तसं घातलं. चावी खिळ्याला.

तिला वाटलं होतं, एकदा करून बघू, मग मन शांत होईल. झालं उलटंच. रात्री डोळे मिटले की रस्ता सुरू व्हायचा. लॅबमध्ये मशीन फिरताना तिची बोटं टेबलावर क्लच दाबायची. अंगद जालन्याला कधी जातो याची ती वाट बघायला लागली, आणि आपण नवऱ्याच्या जाण्याची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटायची. तरी जायची. घाट पूर्ण चढली, मग पुढं पाटोद्याच्या रस्त्याला थोडं आत. एका सुट्टीच्या दिवशी गेवराई मागं टाकून थेट गोदावरीच्या पुलावर गेली. लहानपणी इथून मेंढरं उतरवताना अख्खी सकाळ जायची. ती पुलावर कठड्याशी थांबली. वाटलं, इथं जरा बसू. पण पाच मिनिटंही थांबवेना. पलीकडं काय आहे ते तिला माहीत होतं, तरी पलीकडं जावंसं वाटत होतं.

एकदा लॅबमध्ये तिनं नळीवर चुकीचं नाव लिहिलं. मशीनमध्ये घालायच्या आधी तिचं तिलाच दिसलं. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. त्यानंतर काही दिवस तिनं गाडीकडं बघितलंही नाही. पण त्या दिवसांत घरात भांडी जास्त आपटू लागली, कडूबाईंशी विनाकारण खटके उडू लागले. शेवटी कडूबाईच म्हणाल्या, "जाऊन ये बाई एकदाची. घर तरी निवांत ऱ्हाईल."

पाऊस पडून पेरण्या आटोपल्या तेव्हाची गोष्ट. मांजरसुंब्याच्या चौकात चहा घेताना तिनं हेल्मेट काढलं. शेजारच्या बाकावर अंगदचं गिऱ्हाईक बसलेलं होतं. त्याच संध्याकाळी अंगद दुकान लवकर बंद करून घरी आला. सोफ्यावर आडवा झाला नाही. दारातच उभा राहिला.

"मांजरसुंब्याला काय काम होतं?"

सुकन्या कणीक मळत होती. "काय न्हाई. चहा पिले."

"चहा बीडात मिळत न्हाई?"

तिनं कणकेला पाण्याचा हात लावला.

"कवापसून चाललंय हे?"

"उन्हाळ्यापसून."

"आन मला सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हणले असते."

अंगद आत आला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच सुकन्याला जास्त भय वाटलं. "लोकं दुकानात येऊन सांगतेत, वहिनी घाटात गाडी लई भारी वळवतेत. सांगतेत आन माझ्या पायाकडं बघतेत. मला जमली न्हाई ती तुला जमली, हे सगळ्या बीडाला दाखवायचं होतं का?"

"मी तुमाला हिणवायला न्हाई गेलते."

"मंग कशाला गेलतीस?"

कणकेचे हात तसेच धरून ती उभी राहिली. "बसवत न्हाई मला," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काय न्हाई. बसवत न्हाई."

कडूबाई आतून म्हणाल्या, "फडकं टाकून ठिवण्यापरीस बरंच हाय की."

"आई, तू मधी बोलू नको," अंगद म्हणाला. त्यानं खिळ्यावरची चावी काढून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी ती दुकानाच्या गल्ल्यात गेली आणि गाडीचे फोटो मोबाइलवर विक्रीला लागले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत. सुकन्या झाडलेलं पुन्हा झाडायची. स्कूटीवरून नमुने आणताना मुद्दाम लांबच्या गल्ल्यांनी जायची. अंगदलाही चैन नव्हतं. रात्री तो उठून पाणी प्यायला जायचा आणि येताना खिडकीतून अंगणात बघायचा, कव्हर तिथंच आहे ना. खरं तर त्याला राग कुणाचा आलाय हेच त्याला नीट कळत नव्हतं.

श्रावणात आष्टीहून गिऱ्हाईक आलं. सोमेश्वर नावाचा, प्लॉटच्या धंद्यातला तरुण माणूस. फोटो बघूनच त्याला गाडी पसंत पडली. अट एकच, गाडी आष्टीला आणून द्यायची. रामप्रसाद ट्रक घेऊन हैदराबादकडं गेलेला होता. टेंपोवाला आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. शेवटी एका रात्री अंगद ताटाकडं बघतच म्हणाला, "आष्टीपर्यंत तू आणशील का?"

सुकन्याचा घास हातात राहिला. "आन तुमी?"

"मी येतो की. सह्या माझ्याच लागतेत. मागं बसतो."

रविवारी सकाळी दोघं निघाले. गल्लीतून जाताना अंगदनं हेल्मेटची काच खाली ओढली होती, मान छातीशी घातली होती. हायवेला लागल्यावर त्यानं काच वर केली. आधी तो मागची दांडी घट्ट धरून बसला होता. घाटात पहिल्या वळणाला त्याचा हात आपोआप सुकन्याच्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. समोरून ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली आली, तेव्हा तिनं वेग कमी केला. हळू वळताना ती पुढच्या ब्रेकला बोट लावत नाही, फक्त पायाचा ब्रेक हलकेच धरते, हे त्याला मागून दिसलं. त्याच्या ध्यानात आलं की मोंढ्यात आपण नेमकं उलटं केलं होतं.

पाटोद्याच्या पुढं डोंगर हिरवे झाले होते. पावसाळा असल्यानं सटवाची मेंढरं घरच्याच माळांवर होती. भाऊ परमेश्वरनं फोनवर सांगितलेल्या खुणेला सुकन्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उतारावर मेंढरं पसरलेली, आणि मध्ये काठीवर रेललेला सटवा, पहिल्यापेक्षा वाळलेला. तो सावकाश वर आला. लेकीकडं बघितलं, मागून उतरणाऱ्या जावयाकडं बघितलं.

"जावईबापू, तुमी मागं?"

सुकन्याची नजर खाली गेली. अंगदनं हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं.

"रस्ता तिला म्हायती हाय, मामा," तो म्हणाला.

सटवानं मान हलवली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बोटानं दाबून बघितला. "कुणीकडं निघाले?"

"आष्टीला. विकायची हाय."

"विकायची हाय आन एवढ्या लांब बसून आणली? टेंपोत घालायची."

झाडाखालून उठून रतनबाईनं वाटीत दूध आणि भाकरी दिली. अंगद दगडावर बसून खात होता, सुकन्या उभ्याउभ्या. मेंढरं पुढं सरकली तसा सटवाही बोलता बोलता पुढं सरकला आणि निरोप घ्यायचा राहूनच गेला. त्याच्या पाठमोऱ्या मुंडाशाकडं सुकन्या बघत राहिली. मग तिनं वाटी धुतली आणि गाडी सुरू केली.

आष्टीत सोमेश्वर आपल्या ऑफिससमोर चार मित्रांसह वाट बघत होता. गाडी बघून खूश झाला. अंगदला म्हणाला, "शेठ, एक चक्कर मारून दाखवा की. कशी पळती बघू."

अंगदनं सुकन्याकडं हात केला. मग म्हणाला, "मी न्हाई चालवत. ह्या चालवतेत."

मित्र एकमेकांकडं बघून हसले. "बाईनं वापरली म्हंजी नवीच हाय समजा," एक जण म्हणाला. सोमेश्वर स्वतः बसला, जोरात रेस करत बाजाराच्या अंगाला गेला, परत आला. इंजिन चालू ठेवूनच टाकीवर थापा मारत म्हणाला, "ओढ चांगली हाय. आवाज मातर न्हाई काय. हे दोन्ही सायलेन्सर काढून फेकतो, मग बघा कशी गर्जती." पुन्हा थाप. "वहिनीला आता एखादी नवी स्कूटी घेऊन द्या, शेठ." आणि पुन्हा एक थाप.

सुकन्या बाजूला उभी होती. ती कुठंच बघत नव्हती. गाडी लवकर नजरेआड व्हावी आणि हे एकदाचं संपावं, असं तिला वाटत होतं.

अंगद पुढं झाला. हात लांबवून त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद झालं. चावी त्यानं काढली आणि आपल्या खिशात घातली.

"सोमेश्वरराव, ऱ्हाऊ द्या. न्हाई द्यायची."

"म्हंजी? किंमत वाढवायची हाय का?"

"किमतीचं न्हाई. द्यायची न्हाई, एवढंच."

बरीच बोलाचाली झाली. सोमेश्वर म्हणाला, माझा दिवस घातला, मी दुसरी गाडी सोडली. अंगदनं हात जोडून माफी मागितली, सगळ्यांना चहा पाजला आणि तरीही शिव्या खाल्ल्या. पुढं कित्येक दिवसांनी सुकन्यानं विचारलं, "तवा अचानक काय झालं तुमाला?" तेव्हा तो म्हणाला होता, "टाकीवर सारखा थापा मारीत होता. मला न्हाई आवडलं." यापलीकडं त्यानं कधीच काही सांगितलं नाही.

परत येताना एक लांब सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना उडीद, बाजरी, माणूस नाही की वाहन नाही. अंगदनं तिच्या खांद्यावर थाप मारली. "थांब. मला दे."

तिनं दिली. पन्नास पावलं गेला नसेल, वळवून परत येताना तोच घोटाळा झाला आणि गाडी कडेच्या चिखलात आडवी झाली. या वेळी पाय गाडीखाली सापडला नव्हता. सुकन्या धावली नाही, चालत गेली. तिनं हात पुढं केला नाही. म्हणाली, "पाठ लावा सीटला. गाडीकडं तोंड न्हाई, पाठ. हँडल धरा. आता गुडघ्यात बसा आन पायानं ढकला, हातानं न्हाई."

अंगदनं पाठ लावली. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि गाडी उठली. एकट्यानं उचलली होती त्यानं. चिखलानं माखलेला तो हसायला लागला, मग सुकन्याही हसली, इतकी की तिला रस्त्यावर बसावं लागलं.

"पुढचा ब्रेक इसरा," ती म्हणाली. "हळू असल्यावर हातच लावायचा न्हाई त्याला. आन खाली कावून बघता? जायचं तिकडं बघा."

या खेपेला तो गेला. दुसऱ्या गिअरमध्ये, डुलत डुलत, लांब होत होत वळणाआड गेला. आवाजही ऐकू येईनासा झाला. सुकन्या रस्त्यावर एकटी उभी राहिली. बराच वेळ झाला. ती कडेनं चालायला लागली, थांबली, पुन्हा चालायला लागली. पडला असेल का? की पुढंच निघून गेला? तिला एकदम कडूबाई आठवल्या, ओट्यावर बसून फाटकाकडं बघणाऱ्या. आपण घाटात असायचो तेव्हा ती म्हातारी अशीच बसत असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. मग लांबून गुरगुर ऐकू आली आणि वळणावर अंगद दिसला, काच वर, दात दिसत होते.

"ती पुढची टेकडी दिसती न्हाई?" तो ओरडला. "तिच्या पल्याड गेलतो!"

दिवाळीपर्यंत अंगद बऱ्यापैकी चालवायला शिकला. मोंढ्याच्या गर्दीत तो गाडी नेत नाही, ती चौकाच्या अलीकडं लावून चालत दुकानात जातो. रामप्रसाद अजून टोमणे मारतो आणि अंगद आता त्याला उलट सुनावतो. देवघराशेजारच्या खिळ्यावरून मात्र रविवारी सकाळी भांडणं होतात. "मागच्या रईवारी तूच नेलती." "तुमी परवा नेली की." कडूबाई म्हणतात, आणखी एक घ्या म्हंजी माझ्या कानाला सुख.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी गाडी न्यायची पाळी सुकन्याची होती. अंगदनं विचारलं, "कुठं?" ती म्हणाली, "बघते." परळीच्या पुढं जात जात ती धर्मापुरीला पोचली. तिथल्या जुन्या देवळाच्या भिंतींवर दगडात कोरलेल्या बायका आहेत, कुणी आरसा धरलेली, कुणी पायातला काटा काढणारी. सुकन्यानं देवळाला फेरी मारली आणि सावलीत थांबली. बेल-फुलं विकणाऱ्या एका म्हातारीनं गाडीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"संगं कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"एकलीच? बीडाहून?" म्हातारीनं डोळे बारीक केले. "नवस होता का?"

"न्हाई, आजी. सहजच आलते."

"आली तर बस मंग. ऊन उतरू दे."

सुकन्या बसली. म्हातारीनं दिलेलं पाणी प्यायली. दगड गार होता, वारा चांगला होता, पोटात भूकही नव्हती. देवळामागून एक कच्चा रस्ता खाली जात होता. तो कुठं जातो, हे तिनं म्हातारीला विचारलं.

"त्यो व्हय? पल्याडच्या वाडीला जातो. तिथं काय बी न्हाई बघायला."

सुकन्यानं मान हलवली, आणखी थोडा वेळ बसायचा प्रयत्न केला, आणि मग हेल्मेट उचललं.